भाताच्या पोटरीतली तोडजोड



लावणी उरकलेली असते, बेणणी झालेली असते, खताचा हप्ता देऊन झालेला असतो आणि लोंबी अजून बाहेर पडलेली नसते. भाद्रपदातले हे आठ-दहा दिवस शेतकऱ्याला जरा उसंतीचे वाटतात. भोर शहराजवळच्या उत्रोलीत काय किंवा तिकडे वेल्ह्याच्या डोंगरउतारावर काय, या दिवसांत खाचराच्या बांधावर उभे राहिले तर सगळीकडे हिरवे शांत भात दिसते. 'पोटरीला आलंय' एवढे म्हणून आपण पुढच्या कामाला लागतो.

पण भाताच्या रोपाला या दिवसांत उसंत नसते. त्या फुगलेल्या पोटरीच्या आत, टाचणीच्या डोक्याएवढ्याही नसलेल्या परागकोशात, रोप आपल्या आयुष्यातले सर्वांत नाजूक काम करीत असते. ते स्वतःच्या आनुवंशिकतेचे धागे स्वतःच ठिकठिकाणी तोडते आणि पुन्हा सांधते. ही तोडजोड नीट झाली तर दाणा भरतो, बिघडली तर पळिंज पडते. आंबेमोहरातून इंद्रायणी निघाला तो याच तोडजोडीमुळे. आणि कोणत्या भाताचे बी घरी धरावे व कोणत्याचे दरसाल विकत घ्यावे, या तुमच्या-आमच्या रोजच्या प्रश्नाचे उत्तरही तिथेच दडलेले आहे. म्हणून आज हा विषय घरातल्या सर्वांनी मिळून वाचावा असे वाटते.

बारा पोथ्यांचे दोन संच

प्रत्येक सजीवाच्या पेशीत सुतासारखे धागे असतात. त्यांना गुणसूत्रे म्हणतात. रोप उंच व्हावे की बुटके, दाणा जाड की बारीक, भाताला वास यावा की न यावा, हे सारे त्या धाग्यांवर लिहिलेले असते. ज्या पदार्थाचे हे धागे बनतात त्याचे नाव डीएनए. तो दोन पदरी सुतळीसारखा पिळलेला असतो. भाताच्या एका संचातल्या धाग्यांवर मिळून सुमारे ३९ कोटी अक्षरे आहेत. ती सगळी वाचण्याचे काम अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी मिळून २००५ साली पुरे केले. आपला भारतही त्या कामात होता.

सोयीसाठी असे समजा की प्रत्येक गुणसूत्र म्हणजे एक पोथी. भाताच्या घरात अशा बारा पोथ्या असतात, आणि प्रत्येक पोथीच्या दोन प्रती. एक संच आईकडून आलेला, दुसरा बापाकडून. म्हणजे एकूण चोवीस. ज्वारीकडे वीस असतात, आपल्या रोजच्या पोळीच्या गव्हाकडे बेचाळीस.

पान, मूळ, खोड वाढते तेव्हा पेशी या चोवीसही पोथ्यांची नक्कल करते आणि दोन पेशींत सारखी वाटून देते. हे साधे वाटप झाले. पण परागकण आणि बीजांड तयार करताना असे चालत नाही. परागातून चोवीस व बीजांडातून चोवीस आल्या तर पुढच्या पिढीत अठ्ठेचाळीस होतील, त्यापुढे शहाण्णव. तेव्हा रोपाला संख्या निम्मी करावी लागते. प्रत्येक परागकणाला बारा पोथ्या द्यायच्या, त्याही प्रत्येक क्रमांकाची एक आणि एकच. पहिली पोथी दोनदा गेली आणि सातवी गेलीच नाही, असे होऊन भागत नाही. या वाटपाला अर्धसूत्री विभाजन असे नाव आहे. पोटरीतले काम म्हणतात ते हेच.

स्वतःचाच धागा कापणारे रोप

आता प्रश्न असा की, पेशीच्या आत काळोखात, बारीक सुतासारख्या चोवीस धाग्यांच्या गुंत्यात, पहिल्या पोथीला आपली जोडीदार पहिली पोथी कशी सापडायची?

निसर्गाने यावर काढलेली युक्ती ऐकून कोणीही थक्क व्हावे. रोप आपल्या धाग्यांवर ठिकठिकाणी काप घेते. काप साधासुधा नाही, सुतळीचे दोन्ही पदर तुटतात. हा काप घेणारे प्रथिन कोणते, हे १९९७ साली यीस्टवरील अभ्यासातून कळले. त्याचे नाव एसपीओ-११. पुढे तेच प्रथिन वनस्पतींत, प्राण्यांत, माणसांतही सापडले. मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिस नावाच्या एका इवल्याशा रोपाचा शास्त्रज्ञांनी फार बारकाईने अभ्यास केला आहे. त्याच्या एकेका पेशीत असे सुमारे दोनशे काप पडतात.

एरवी धागा असा तुटणे म्हणजे पेशीला जिवावरचे दुखणे. पण इथे तुटलेल्या टोकाला काही प्रथिने येऊन बिलगतात. रॅड-५१ आणि डीएमसी-१ ही त्यांतली दोन मुख्य. ती त्या टोकाला घेऊन शोधाला निघतात. कसला शोध? तुटलेल्या जागी जो मजकूर होता, तोच मजकूर जिथे शाबूत आहे अशा जागेचा.

घरातल्या पोथीचे पान फाटले तर आपण काय करतो? दुसरी प्रत शोधतो, तेच पान उघडतो आणि फाटलेल्या ओळी त्यावरून उतरवून घेतो. रोपही नेमके हेच करते. फाटलेली पहिली पोथी दुसऱ्या संचातली पहिली पोथी शोधून काढते, तिच्याशेजारी पडते आणि तिच्यावरून दुरुस्ती करून घेते. अशा रीतीने तुटण्याच्या निमित्ताने जोडीदार सापडतो.

बहुतेक काप मजकूर उतरवून मुकाट्याने बुजवले जातात. पण काही ठिकाणी दुरुस्ती करताना दोन्ही पोथ्यांची पुढची पाने अदलाबदल होऊन शिवली जातात. आईच्या पोथीची पहिली चाळीस पाने आणि बापाच्या पोथीची उरलेली साठ, अशी नवी पोथी तयार होते. अरॅबिडॉप्सिसमध्ये दोनशे कापांपैकी दहाच्या आसपास जागी अशी अदलाबदल होते. संख्या थोडी, पण नियम कडक. प्रत्येक जोडीत निदान एक तरी अदलाबदल झालीच पाहिजे. कारण त्या शिवणीमुळेच दोघी पोथ्या एकमेकींना बांधून राहतात, आणि वाटपाच्या वेळी एक इकडे व एक तिकडे अशी ओढ सारखी बसते. गाडीच्या जुवाला दोन्ही बैल बांधलेले असले तरच गाडी सरळ चालते, तसेच हे.

गाठ पडली नाही तर

ही गाठ पडलीच नाही तर काय होते, हे पाहायला भातानेच शास्त्रज्ञांना मदत केली. जपानमधील संशोधकांना भाताचे असे रोप मिळाले की ज्यात या कामाला लागणारे एक जनुक बिघडलेले होते. त्या जनुकाला त्यांनी 'पेअर-१' असे नाव दिले, म्हणजे जोडीचे जनुक. २००४ साली त्याची माहिती प्रसिद्ध झाली. रोप दिसायला धडधाकट, फुटवे चांगले, लोंबीही वेळेवर. पण पोटरीत चोवीस पोथ्या चोवीस दिशांना. एकीला दुसरी सापडत नाही. वाटप विस्कटते, कुठल्या परागकणात कमी पोथ्या जातात, कुठल्यात जास्त. शेवटी लोंबी ताठ उभी राहते, कारण तिच्यात दाणाच भरत नाही.

दुसरे उदाहरण तुमच्या परसातले आहे. केळीला बी का नसते? आपल्या खाण्याच्या बहुतेक केळींत पोथ्यांचे दोनऐवजी तीन संच असतात, अकरा अकराचे तीन, म्हणजे तेहतीस. आता तिघांत जोडी कशी लावायची? दोघे जुळले की तिसरा मोकळा. वाटप सारखे होत नाही आणि बी धरत नाही. म्हणून केळी मुनव्याने लावावी लागते. बाजारात बिनबियांचे कलिंगड मिळते तेही याच हिशेबाने मुद्दाम तयार केलेले असते. तेहतीसच पोथ्या, तीन संच. केळीत आणि कलिंगडात बी नसणे आपल्याला सोयीचे. भातात मात्र दाणा हेच बी. तिथे ही गाठ सुटली तर ताटात काही येत नाही.

धागे तुटतात व सांधतात हे प्रथम डोळ्यांनी पाहिले गेले ते मक्यात. अमेरिकेत बार्बरा मॅक्लिंटॉक आणि हॅरिएट क्रायटन या दोन बाईंनी १९३१ साली सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिले की, मक्याच्या कणसात दाण्यांचे गुण अदलाबदल होतात तेव्हा गुणसूत्रांचे तुकडेही खरोखर अदलाबदल झालेले असतात. मॅक्लिंटॉकबाईंनी पुढे तुटक्या टोकांचा अभ्यास केला. नीट न सांधलेले टोक भलत्याच टोकाला जाऊन चिकटते, मग पुढच्या वाटपात ताण बसून पुन्हा तुटते, आणि हे रहाटगाडगे चालूच राहते, असे त्यांनी दाखवले. मक्यावरच काम करता करता धाग्यावरून जागा बदलणारी जनुकेही त्यांना सापडली आणि त्या शोधासाठी १९८३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आंबेमोहर आणि इंद्रायणी

आता आपल्या खाचरात येऊ. भोर, वेल्हे, मुळशी, मावळ हा आंबेमोहराचा मुलूख. शिजताना आंब्याच्या मोहोरासारखा वास सुटतो म्हणून आंबेमोहर. चव अशी की नुसत्या मेतकूट-तुपाबरोबर माणूस जेवून उठेल. पण रोप उंच, वाऱ्यापावसात लोळणारे, आणि उतारा कमी. दुसरीकडे फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९६६ साली आयआर-८ हा वाण दिला. बुटका, ताठ, भरघोस पिकणारा. पण जाड दाणा, आणि आपल्या जिभेला न रुचणारा.

मावळातील वडगावच्या भात संशोधन केंद्रात या दोघांचे लग्न लावले गेले. आंबेमोहर-१५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून निवड होत होत इंद्रायणी हा वाण तयार झाला आणि १९८७ साली तो शेतकऱ्यांच्या हाती आला. आज भोर-वेल्ह्यात आणि मावळात 'तांदूळ कोणता?' म्हटले की पुष्कळ घरांतून हेच नाव ऐकू येते.

आता हे लग्न पोथ्यांच्या भाषेत पाहा. संकराच्या पहिल्या पिढीतल्या प्रत्येक रोपाकडे बारा पोथ्या आंबेमोहराच्या आणि बारा आयआर-८ च्या. पोटरीत वाटप होताना प्रत्येक जोडीतली कोणती पोथी परागकणात जाईल हे नशिबावर. नुसत्या या वाटपानेच ४,०९६ प्रकारचे परागकण होऊ शकतात, आणि बीजांडेही तितक्याच प्रकारची. दोन्हींचा मेळ घातला तर पावणेदोन कोटींच्या घरात जोड्या होतात. बुटकेपणाचे जनुक पहिल्या गुणसूत्रावर असते. बहुतेक सुवासिक भातांत वासाचे मुख्य जनुक आठव्यावर. पोथ्या वेगळ्या असल्यामुळे एक गुण इकडून, एक तिकडून घेणे नुसत्या वाटपानेही जमते.

पण चांगला गुण आणि वाईट गुण एकाच पोथीत, जवळजवळच्या पानांवर असले तर? मग ती पोथी जिथे जाईल तिथे दोन्ही एकत्र जाणार, गव्हाबरोबर कोंडा यावा तसे. त्यांना वेगळे करायला एकच उपाय, दोन पानांच्या मधोमध काप पडला पाहिजे आणि अदलाबदल होऊन शिवण बसली पाहिजे. नवा वाण काढणारा शास्त्रज्ञ वर्षानुवर्षे हजारो रोपे लावून बसतो तो या एका शिवणीच्या शोधात. ओडिशातल्या एका जुन्या भाताच्या अंगी पुराच्या पाण्याखाली दोन आठवडे तग धरण्याचा गुण होता. तो नवव्या गुणसूत्रावर आहे. तेवढाच तुकडा घेऊन आंध्रात निघालेल्या 'स्वर्णा' या लोकप्रिय वाणात बसवायचा, आणि जुन्या भाताचे बाकीचे काही येऊ द्यायचे नाही, असे काम होते. त्यासाठी त्या जनुकाच्या अलीकडे आणि पलीकडे, अगदी जवळ, शिवण पडलेली रोपे शोधून काढावी लागली. तो 'स्वर्णा सब-१' २००९ साली आपल्या देशात प्रसारित झाला.

धागा तोडून नवे गुण मिळवण्याची माणसाची स्वतःची रीतही आहे. मुंबईजवळ तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात बियांवर किरणांचा मारा करून धागे तोडतात. पेशी ते घाईघाईने सांधते, त्यात कुठे अक्षर बदलते, आणि हजारांत एखादा बदल उपयोगी निघतो. टीएजी-२४ हा १९९१ सालचा भुईमूग अशाच वंशावळीतून आलेला आहे. फरक एवढाच की किरणांचा घाव कुठेही बसतो, आणि पोटरीतला काप रोप स्वतः घेते व जोडीदाराच्या पोथीवरून नीट भरून काढते.

मग घरचे बी धरावे की नाही?

इथे एक शंका तुमच्या मनात आली असेल. दरसाल पोटरीत अशी तोडजोड होत असेल, तर घरच्या इंद्रायणीचे बी पुढच्या वर्षी बदलायला नको काय?

बदलत नाही, आणि त्याचे कारण सोपे आहे. भात स्वतःच्याच परागाने फळतो. शेजारच्या रोपाचा पराग लागणे शंभरांत एखाद्याच फुलाच्या वाट्याला येते. संकरानंतर दर पिढीला दोन संचांतला फरक निम्मा होत जातो. सहा पिढ्यांत तो चौसष्टाव्या भागावर येतो. शास्त्रज्ञ निवड करीत आणखीही पुढे जातात. अखेर दोन्ही संच अक्षरन् अक्षर सारखे होतात. आता पोटरीत काप पडतो, दुरुस्ती होते, पानांची अदलाबदलही होते. पण दोन पोथ्यांत एकच मजकूर असेल, तर पाने कितीही बदला, वाचायला तेच मिळणार. म्हणून इंद्रायणी, आंबेमोहर यांसारख्या सरळ वाणांचे बी घरी धरता येते.

संकरित भाताचे तसे नाही. कर्जतच्या संशोधन केंद्राने काढलेली 'सह्याद्री' मालिकेतली भाते घ्या किंवा खाजगी कंपन्यांची घ्या. पिशवीतल्या बियात दोन वेगवेगळ्या आईबापांचे दोन संच शेजारी शेजारी असतात आणि त्या वेगळेपणातच त्याचा जोम असतो. ते बी पेरले की पीक एकसारखे येते. पण त्याच पिकाच्या पोटरीत दोन वेगळ्या मजकुरांची अदलाबदल होते. त्याचा दाणा बी म्हणून पुढच्या वर्षी टाकला तर कुठे उंच, कुठे बुटके, कुठे लवकर, कुठे उशिरा, आणि काही लोंब्या चक्क पोचट. दाणा खायला उत्तम, बियाण्याला कुचकामी. 'गेल्या साली एवढे पिकले, यंदा काय झाले' म्हणून बियाला किंवा नशिबाला दोष देण्यात अर्थ नसतो. तेव्हा बी घरी धरण्याआधी पिशवीवर 'संकरित' लिहिले आहे का, एवढे घरातल्या शाळकरी मुलाकडून वाचून घ्या.

यावर एक नवा प्रयोग चालू आहे. काही संशोधकांच्या मनात आले, हा काप बंदच केला तर? २०१६ साली भातात तीन जनुके बंद करून हे साधले. त्यांतले एक होते तेच जोडीचे जनुक, पेअर-१. काप नाही, अदलाबदल नाही, आणि वाटपाची रीत बदलल्यामुळे चोवीसच्या चोवीस पोथ्या जशाच्या तशा बीजांडात उतरतात. मग अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे इम्तियाज खांडे आणि वेंकटेशन सुंदरेशन यांच्या गटाने बीजांडाला परागाच्या संचाशिवायच गर्भ धरायला लावले आणि डिसेंबर २०१८ मध्ये ते काम प्रसिद्ध झाले. म्हणजे संकरित रोपाचे बी अगदी मूळ रोपासारखेच. २०२२ साली संकरित भातात शंभरांत पंचाण्णवाहून जास्त बी असे हुबेहूब मिळाल्याचे प्रसिद्ध झाले. शेतकऱ्याला बाजारातून घेता येईल असे बियाणे यातून अजून आलेले नाही. ते आले तर संकरिताचे बीही घरी धरता येईल, ही लहान शेतकऱ्याच्या दृष्टीने मोठी गोष्ट ठरेल. मात्र ज्या रोपात काप पडत नाही, त्या रोपातून नवा इंद्रायणी कधी जन्मणार नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. नव्या वाणांसाठी आंबेमोहरासारखी जुनी भाते कोणाच्या तरी खाचरात नांदती असली पाहिजेत.

पोटरीच्या दिवसांत काय करावे

एवढे सगळे वाचून हाती काही लागले पाहिजे. म्हणून चार कामाच्या गोष्टी.

पहिली गोष्ट पाण्याची. ही तोडजोड लोंबी बाहेर पडण्याच्या साधारण दहा ते चौदा दिवस आधी होते. ती ओळखण्याची खूण आहे. रोपाचे सर्वांत वरचे, शेवटचे पान म्हणजे ध्वजपान. त्याचा सांधा खालच्या पानाच्या सांध्याच्या उंचीला आला की आत काम ऐन जोरात आहे असे समजावे. हे दिवस आणि त्याच्या लगेच नंतर पराग तयार होण्याचे दिवस फार हळवे असतात. पाण्याचा ताण, कडक ऊन किंवा फार थंडी, यांतले काहीही त्या वेळी बाधते. लोंबी येण्याआधीचे दहा दिवस आणि आल्यावरचे दहा दिवस खाचरात दहा सेंटिमीटर पाणी ठेवावे, ही शिफारस आपण ऐकत आलो आहोत. तिच्यामागचे एक मोठे कारण हे आहे. जपानच्या उत्तरेकडील होक्काइडो बेटावर थंडी पडते, तिथले शेतकरी तर याच दिवसांत पाणी आणखी खोल करतात. पोटरी पाण्यात बुडाली की पाण्याची ऊब तिला सांभाळते. आपल्याकडे भाद्रपद-आश्विनात पावसाने ओढ दिली तर ओढ्याचे, विहिरीचे जे काही पाणी असेल ते आधी पोटरीतल्या खाचराला द्यावे. बांधाला खेकड्यांनी पाडलेली बिळे त्याआधीच बुजवून घ्यावीत.

दुसरी गोष्ट पारखण्याची. प्रत्येक पळिंज या कारणाने पडत नाही. सबंध लोंबी पांढरीफटक होऊन सहज उपसून येत असेल तर तो खोडकिडा समजावा. लोंबी हिरवी आहे, पण मधले मधले दाणे फोल आहेत, तर पोटरीच्या व फुलोऱ्याच्या दिवसांत पाणी आणि हवा कशी होती ते आठवून पाहावे.

तिसरी गोष्ट बी धरण्याची. सरळ वाणाचे बी शेताच्या मध्यभागातून धरावे. शेजारी दुसरा वाण असेल तर बांधाकडचा तीन मीटरचा पट्टा सोडून द्यावा. निसवताना आणि पिकताना अशी दोनदा फेरी मारून वेगळी दिसणारी, उंच, लाल कुसळाची रोपे उपटून टाकावीत. मळणीच्या खळ्यातच जास्त भेसळ होते, म्हणून बियाचे भात आधी झोडावे आणि वेगळ्या कणगीत ठेवावे. पेरणीपूर्वी दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी टाकावे. वर तरंगेल ते काढून टाकावे. तळाशी बसलेले बी दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत सुकवावे. शंभर दाणे ओल्या फडक्यात बांधून पाहावेत. ऐंशी तरी उगवले पाहिजेत. हे निवडण्या-पाखडण्याचे काम आपल्याकडे बायकांच्या हातून होते आणि त्यांची नजर यात पक्की असते. तेव्हा कोणत्या लोंब्यांचे बी राखायचे, यात घरातल्या बाईचा शब्द जरूर घ्यावा.

चौथी गोष्ट हक्काची. २००१ सालच्या पीकवाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपल्या शेतातले बी राखण्याचा, पेरण्याचा, दुसऱ्याला देण्याघेण्याचा आणि विकण्याचा हक्क दिलेला आहे. संरक्षित वाणाचे बी नावाचा छाप मारलेल्या पिशवीत भरून विकायला मात्र मनाई आहे. पै-पाहुण्याला पायलीभर बी देण्याची आपली जुनी रीत कायद्यानेही मान्य केलेली आहे.

येत्या भाद्रपदात रविवारी मुलांना सुट्टी असेल, तेव्हा त्यांना खाचरावर घेऊन जा. ध्वजपानाचा सांधा कुठवर आला ते त्यांनाच मोजू द्या. एखादी पोटरी उलगडून आतली कोवळी, पांढरट लोंबी दाखवा. आतले धागे उघड्या डोळ्यांना दिसणार नाहीत. पण तिथे काय चालले आहे ते त्यांना सांगा, आणि परत येताना खाचरात पाणी किती आहे ते पाहून या.